खोल पाण्याचे दोन श्रेयांक

वाघोली,
३ मार्च २०२५

प्रिय रणजित,

'प्रिय' सवयीने लिहिलं आहे. त्यावरून माझ्या मनःस्थितीबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस.

तुमच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर मी तक्रार नोंदवली. चहा संपायच्या आत उत्तर आलं, 'निराकरण झाले.' कसलं, कुणी केलं, काही पत्ता नाही. तुला फोन केला तर तू 'बघतो गं' म्हणालास. कॉलेजच्या पोहण्याच्या संघात होतो तेव्हाही सरावाला ये म्हटलं की तू 'बघतो'च म्हणायचास. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. कागदाला आवक क्रमांक पडतो, आणि आवक क्रमांक पडला की तुम्ही लोक जरा दचकता, एवढं मला कळलंय.

विषय तुला ठाऊक आहे, तरी लेखी असावा. आमच्या कॉलेजात मी 'जलसुरक्षा आणि बचाव' हा दोन श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, छोटा अभ्यासक्रम चालवते. तुमच्या भाषेत मायक्रो-क्रेडेन्शियल. मुलांनी पदवी करता करता असे छोटे कोर्स करायचे, विद्यापीठाने प्रमाणपत्र द्यायचं आणि श्रेयांक त्यांच्या खात्यात जमा करायचे. कल्पना चांगली आहे, मीच सगळ्यांना पटवत फिरत होते. मंजुरीसाठी तू अधिकारी आहेस त्या कक्षात इतके हेलपाटे घातले की तुमचा शिपाई 'काय मॅडम, आज पोहायला नाही?' असं विचारायला लागला.

तर या बॅचमधल्या अभिनव नावाच्या मुलाला तुम्ही प्रमाणपत्र दिलंत. बुडणाऱ्याला वाचवण्यास सक्षम, असं त्यावर छापलंय. रणजित, तो उथळ बाजूला मासा आहे. पण पाय टेकेनासे झाले की त्याचा दगड होतो, काठ सोडत नाही. लेखी परीक्षेत मात्र शंभरात शहाण्णव. त्या प्रमाणपत्रावर त्याला खडकवासल्याच्या पुढे एका रिसॉर्टच्या तलावावर जीवरक्षकाची नोकरी लागली आहे. पुढच्या आठवड्यात रुजू होतोय. उन्हाळ्यात तिथे पोरांची जत्रा भरते.

ते प्रमाणपत्र रद्द कर. कुणीतरी बुडायच्या आत कर.

मिसबा


पुणे,
८ मार्च २०२५

प्रिय मिसबा,

तुझ्या पत्राला आवक क्रमांक पडला आहे. अभिनंदन.

मी स्वतः बसून प्रकरण पाहिलं. आमची चूक नाही. तुझ्या कोर्सला लेखीचा भार चाळीस टक्के आणि प्रात्यक्षिकाचा साठ. अभिनवच्या प्रात्यक्षिकाचा रकाना तू रिकामा सोडलास. शेवटची तारीख उलटल्यावर रकाना रिकामा दिसला की प्रणाली लेखीचीच टक्केवारी तिथे धरते. यावर परिपत्रक निघालं होतं. ते तू वाचलं नसशील, कारण परिपत्रकं कुणीच वाचत नाही, मीसुद्धा नाही, आणि काढतो मीच. थोडक्यात, तुझा विद्यार्थी पाण्यातही शहाण्णव टक्क्यांनी तरंगला.

आता मला सांग, त्याला येत नव्हतं तर सरळ शून्य का दिलं नाहीस?

आणि रद्द करण्याबद्दल. जमा झालेले श्रेयांक काढून घ्यायची सोयच प्रणालीत नाही. ती बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. त्यांचा माणूस म्हणाला, 'सर, लोक क्रेडिट मागतात. परत घ्या असं कोण म्हणतं?'

एक खाजगीत सांगतो. कुलगुरूंना एक मेपर्यंत या छोट्या कोर्सेसच्या यशोगाथा हव्या आहेत आणि माझ्या फाईलमध्ये त्या नावालासुद्धा नाहीत. अशा वेळी तू मला अपयशाची कथा पाठवते आहेस.

तुझा,
रणजित


वाघोली,
११ मार्च २०२५

रणजित,

शून्य का दिलं नाही म्हणतोस? ऐक.

हा मुलगा यवतमाळकडचा. वडील सणसवाडीला कारखान्यात आहेत, दोन खोल्यांत पाच माणसं. गावात पाणी प्यायला पुरत नव्हतं, पोहणार कशात? पहिल्या दिवशी तलाव बघून त्याने मला विचारलं, 'मॅडम, हे एवढं पाणी रोज बदलवता का?' आणि असा मुलगा थंडीत सगळ्यांच्या आधी हजर असायचा. खोल बाजूला नेलं की थरथर कापत 'मले नाही जमत, मॅडम' म्हणायचा, चिडून निघून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठाच्या दांडीला धरून उभा. त्याला शून्य देऊ? शून्य म्हणजे काहीच केलं नाही. माझं म्हणणं होतं, अजून नाही. अजून महिना-दोन महिने द्या, करेल. तुमच्या पोर्टलवर 'उत्तीर्ण' आहे, 'अनुत्तीर्ण' आहे, 'अजून नाही' लिहायला जागा नाही. म्हणून मी रिकामं सोडलं. रिकाम्याचा अर्थ तुमच्याकडे शहाण्णव होतो, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

हो, चूक माझी आहे. दया दाखवायला गेले आणि पोराच्या हातात शिट्टी दिली. या विचाराने मला जेवण जात नाही. आता झालं समाधान? काहीतरी वाट काढ.

मिसबा


पुणे,
१७ मार्च २०२५

प्रिय मिसबा,

वाट सापडली आहे, पण तुला आवडणार नाही.

एकट्याचं प्रमाणपत्र रद्द होत नाही. अख्ख्या बॅचचं होतं. 'मूल्यमापनात त्रुटी' असं तू तुझ्या सहीने लिहून द्यायचं, मी ते समितीपुढे ठेवीन, बॅच रद्द होईल आणि चौकशी होईपर्यंत तुझ्या कोर्सची मान्यता स्थगित राहील. चौकशी कधी संपते ते विचारू नकोस. मी नोकरीला लागलो तेव्हा सुरू झालेली एक अजून चालू आहे.

तू फार ताणते आहेस असं मला वाटतं. रिसॉर्टच्या तलावात पाणी ते किती असणार? शिवाय मुलाला गरज आहे. गरज पडली की माणूस पोहतो. आपल्या सरांनी मला ढकलूनच शिकवलं होतं.

रणजित


वाघोली,
२० मार्च २०२५

रणजित,

सरांनी तुला ढकललं तेव्हा पाण्यात सर होते. तिथे कोण आहे?

मी रविवारी जाऊन आले. उंच खुर्चीवर लाल टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल. मला बघून उठून उभा राहिला. म्हटलं, 'चल, खोल बाजूला उडी मार, मी आहे.' तो म्हणाला, 'मॅडम, लहान पोरं तिकडं जातच नाहीत.' तेवढ्यात मालक आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे मोबाईल काढला, प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. 'मॅडम, याच्यावर विद्यापीठाची हिरवी खूण येते. तुमच्यावर काय येतं?'

मी तीन राज्यस्तरीय पदकं मिळवली आहेत, रणजित. माझ्यावर काही येत नाही.

आणि बॅच रद्द करायचं पत्र मी देणार नाही. स्पृहा नावाची मुलगी आहे, पाणी पाहिलं की रडायची. परीक्षेला तिने माझ्यासारख्या धिप्पाड बाईला तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून नेलं. या दोन श्रेयांकांवर तिचा पुढच्या वर्षीचा प्रवेश आहे. अशा सगळ्या मुलांची मेहनत पुसून टाकू? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण काडी मी लावायची?

तुम्ही नियम करता, तोडगाही तुम्हीच काढा.

मिसबा


पुणे,
१५ एप्रिल २०२५

प्रिय मिसबा,

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं आहे. आधी ते वाच. मी थांबतो.

वाचलंस? 'प्रमाणित जीवरक्षकाच्या सतर्कतेमुळे चिमुकलीचे प्राण वाचले.' सहा वर्षांची मुलगी, खोल बाजूला घसरली, आणि आपल्या अभिनवने तिला वाचवलं! मालकाने बातमी देताना विद्यापीठाचं नावसुद्धा घेतलं आहे. तुझा दगड तरंगला की गं. मी म्हणत नव्हतो, गरज पडली की माणूस पोहतो?

कुलगुरूंनी कात्रण स्वतः मागवून घेतलं. एक मेच्या कार्यक्रमात अभिनवचा सत्कार आहे, शाल, श्रीफळ, मानचिन्ह. तू मार्गदर्शक म्हणून पहिल्या रांगेत बसायचं आहेस. सुती साडी नेस, उकाडा असतो.

विजयी मुद्रेने,
रणजित


वाघोली,
१८ एप्रिल २०२५

प्रिय रणजित,

या वेळी 'प्रिय' मनापासून आहे.

कात्रण वाचून मी स्वयंपाकघरात खालीच बसले. अम्मी म्हणाली, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणीच गेलं नाही. महिनाभर रोज सकाळी पेपर उघडला की मी आधी बुडाल्याच्या बातम्या शोधायचे, ते तुला कळवलं नव्हतं. आता मोकळी झाले.

मी चुकले म्हणायचं. कान धरते. माणसाच्या आत काय असतं ते मास्तरांना कळतंच असं नाही. अभिनवला 'तुझा अभिमान वाटतो' असा मेसेज केला आहे. त्याने उत्तर दिलेलं नाही, लाजला असेल. सत्काराला येईन. साडी कुठली नेसायची ते विद्यापीठाने ठरवू नये.

मिसबा


वाघोली,
२१ एप्रिल २०२५

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. आपला मेसेज तीन वेळा उघडला आणि बंद केला. फोनवर सांगायची हिंमत नाही, म्हणून पत्र लिहून कॉलेजच्या ऑफिसात ठेवतो आहे.

मॅडम, मी उडी मारली नाही.

ती मुलगी पाण्यात गेली ते सगळ्यांत आधी मला दिसलं. मी खुर्चीवरून उतरलो, काठापर्यंत धावलो, शिट्टी वाजवली. पुढे पाय हललेच नाहीत. आपण शिकवलेलं सगळं आठवत होतं. मागून धरायचं, हनुवटी वर ठेवायची, सगळं. मी शिट्टी वाजवतच राहिलो. तिच्या आत्याने ड्रेसवरच उडी मारली आणि तिला केसांना धरून वर काढलं. नंतर आत्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते मला झोपू देत नाही.

मालक म्हणाले, शिट्टी तूच वाजवलीस ना, म्हणजे तूच वाचवलं. पेपरवाल्यांना त्यांनीच बोलावलं. घरी आईने पेढे वाटले. बाबांनी कारखान्यात कात्रण नेऊन दाखवलं. मी गप्प बसलो. आता सत्काराचं पत्र आलं आहे.

मी नोकरी सोडली. प्रमाणपत्र परत करण्यासाठी पोर्टलवर गेलो होतो. तिथे तसं बटण नाही. 'हा अभ्यासक्रम आपल्याला किती उपयुक्त वाटला' असं विचारतात आणि पाच तारे दाखवतात.

मॅडम, माझ्यावर रागवा, पण मला काय करायचं ते सांगा.

आपला विद्यार्थी,
अभिनव


वाघोली,
२२ एप्रिल २०२५

रणजित,

अभिनवच्या पत्राची प्रत जोडली आहे. आधी ते वाच. मी थांबत नाही, मला संताप आवरत नाही.

ती मुलगी वाचली ती तिच्या आत्यामुळे. विद्यापीठामुळे नाही, माझ्यामुळे नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्या तलावावर एक शिट्टी नेमली होती. आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मला ते खोटं आवडलं. पाण्यात त्याला महिने न् महिने पाहिलं होतं, तरी चार ओळींच्या बातमीवर विश्वास ठेवला, कारण त्यात माझी सुटका होती.

सत्कार थांबव. आजच. मुलाला मी कळवलं आहे की जे झालं तेच सगळ्यांना सांग, दुसरं काही करायचं नाही. मी कार्यक्रमाला येणार नाही. त्या रांगेत बसले तर उठून काहीतरी बोलेन आणि तुझी नोकरी जाईल.

मिसबा


पुणे,
२ मे २०२५

प्रिय मिसबा,

तुझ्या पत्राला दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण द्यायला तोंड नव्हतं. सत्कार मी थांबवला नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, पालकमंत्र्यांचा माणूस येणार होता, आणि खरं सांगायचं तर कुलगुरूंच्या दालनात जाऊन 'सर, आपली यशोगाथा खोटी आहे' म्हणायची माझी छाती झाली नाही. अभिनवला मी कार्यक्रमाआधी बाजूला घेतलं. म्हटलं, 'बाळा, नुसता नमस्कार कर आणि खाली ये. बाकीचं मी नंतर निस्तरतो.' तो 'हो सर' म्हणाला. त्याचे आईवडील दुसऱ्या रांगेत होते. वडिलांनी कारखान्याचा गणवेशच घातला होता, तिथून थेट ड्यूटीवर जायचं होतं.

कुलगुरूंचं भाषण तुला ठाऊकच आहे, कौशल्य, भविष्य, भरारी. मग ते मनापासून म्हणाले की माझी नात सात वर्षांची आहे, सुट्टीत पोहायला जाते, म्हणून या बातमीने मला आजोबा म्हणून भरून आलं. शाल घातली. अभिनवने माइक मागितला.

त्याने सगळं सांगितलं, मिसबा. उडी मारली नाही, आत्याने वाचवलं, मला खोल पाणी येत नाही. एक वाक्य गाळलं नाही. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अगदी कडाडून! पोरगा विनयाने बोलतोय असं वाटलं त्यांना. कुलगुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'पाहा, हे आपल्या मातीतले संस्कार.' मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अभिनवला काय करावं सुचेना. माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग तो कुलगुरूंकडे वळला आणि म्हणाला, 'सर, मी खुर्चीवर असताना तुमच्या नातीला त्या पाण्यात सोडाल का?'

टाळ्या थांबल्या. कुलगुरूंनी खांद्यावरचा हात काढला. त्याचा चेहरा पाहून त्यांना तेव्हा कळलं असावं. ते म्हणाले, 'नाही.' माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

वडील उठून बाहेर गेले. आई पुढे आली आणि त्याच्या अंगावरची शाल काढून तिने नीट घडी करून टेबलावर ठेवली.

त्यानंतर मी काय केलं ते लिहितो, फुशारकी म्हणून नाही. तिथेच एका कोऱ्या कागदावर लिहिलं, 'अभिनव याचे प्रमाणपत्र रद्द, इतरांचे कायम.' कुलगुरूंपुढे धरला. त्यांनी न वाचता सही केली. असा आदेश नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. समितीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पोर्टलवर ती हिरवी खूण अजून तशीच आहे. कंपनी म्हणते, बदल करायला तीन महिने लागतील. मी त्यांच्या माणसावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात ओरडलो. शिपाई पाणी घेऊन आला.

तू आली नाहीस ते बरं झालं, असं मला काल वाटत होतं. आज वाटतं, तू तिथे असायला हवी होतीस.

रणजित


वाघोली,
१२ मे २०२५

प्रिय रणजित,

तुझं पत्र वाचून आधी तुला चार शिव्या लिहिल्या होत्या. तो कागद फाडला. तू मान खाली घातलीस ते लिहिलंस, तेवढं पुरे.

अभिनव गेल्या सोमवारी आला. वडील त्याच्याशी बोलत नाहीत. आई बोलते. पेढे दिलेल्या प्रत्येक घरी जाऊन तिने स्वतः खरं काय ते सांगितलं म्हणे, एकेक दार वाजवून. तो सांगताना रडला. मीही रडले. मग त्याला म्हटलं, झालं ना रडून, कपडे बदल.

तीन दिवस तो दांडीला धरून उभा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, 'मॅडम, आता प्रमाणपत्र तर मिळणार नाही ना?' म्हटलं, या जन्मी तरी नाही, तुझं नाव पाहिलं की विद्यापीठाला घाम फुटतो. तो हसला आणि त्याने दांडी सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, मला नाही नाही ते बोलला, पण खोल बाजू एकट्याने ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, न बोलता.

त्या रिसॉर्टवर आता खुर्ची रिकामी आहे. मालकाने पाटी लावली आहे, 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे.' शनिवार-रविवार मी तिथे जाऊन बसते. हिरवी खूण नाही म्हणून तो कुरकुरला, मी ऐकलं नाही.

तुला एक काम आहे. अभिनवला आता माणूस ओढायला शिकवायचं आहे. मुलं हलकी पडतात आणि मी धडधाकट पोहते हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो घाबरत नाही. त्याला खरोखर जड, दम लागणारा आणि त्याच्याच भरवशावर असणारा माणूस हवा. पोट सुटल्यापासून तू पाण्यात उतरलेला नाहीस. येत्या गुरुवारी सकाळी ये, खोल बाजूला मधोमध जायचं आणि हातपाय सोडून द्यायचे. मी काठावर असेन, पण तो पोचेपर्यंत उडी मारणार नाही, असं मी त्याला कबूल केलं आहे.

मिसबा

ता. क. टॉवेल आण, इथे मिळत नाहीत.